पार्सल कागवाडला गेलं की नियम बदलतो

सांगलीतून मुंबईला पार्सल पाठवलं तर ते पावणेचारशे किलोमीटर जातं. मिरजेतून म्हैसाळ ओलांडून कागवाडला पाठवलं तर तासाभराच्या आत पोहोचतं. जीएसटीच्या हिशेबात मात्र मुंबई जवळची आणि कागवाड परगावचं, कारण कागवाड बेळगाव जिल्ह्यात, म्हणजे कर्नाटकात येतं. घरातून ऑनलाइन विक्री करणाऱ्या माणसाला कोणता कर-क्रमांक लागतो, हे धंद्याच्या आकारावर ठरतंच. पण त्याआधी माल कुणामार्फत विकला जातो आणि कुठे पोहोचतो, हे बघावं लागतं.

मी सांगलीत कर सल्लागार म्हणून काम करते. हळदपूड, बेदाणा, भडंग, लोणची, शिवलेल्या पिशव्या, हातानं केलेले दागिने विकणाऱ्या बायका आणि तरुण मुलं माझ्याकडे येतात. पहिला प्रश्न ठरलेला असतो, "मॅडम, मला जीएसटी लागतो का?" मी उलट तीन गोष्टी विचारते. कुठे विकता? कुठे पाठवता? आणि पॅनवर नाव काय आहे? तिसऱ्या प्रश्नाचं सगळ्यांना नवल वाटतं, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

सगळ्याचं मूळ पॅन

पॅन दहा अक्षर-अंकांचं असतं: आधी पाच अक्षरं, मग चार अंक, शेवटी एक अक्षर. त्यातलं चौथं अक्षर हे पॅन कुणाचं आहे ते सांगतं. 'पी' असेल तर व्यक्तीचं, 'एफ' असेल तर भागीदारी फर्मचं, 'सी' कंपनीचं, 'एच' हिंदू अविभक्त कुटुंबाचं, 'ए' व्यक्तींच्या समूहाचं. व्यक्तीच्या पॅनमधलं पाचवं अक्षर म्हणजे तिच्या आडनावाचं आद्याक्षर.

धंद्याला तुम्ही 'अन्नपूर्णा मसाले' असं काहीही नाव दिलं, तरी एकट्यानं चालवलेल्या धंद्याला वेगळं पॅन मिळत नाही. मालकाचं पॅन तेच धंद्याचं पॅन. त्यासाठी दुसरं पॅन काढायला जाऊ नका. एका व्यक्तीला एकच पॅन ठेवता येतं आणि दोन सापडली तर १०,००० रुपये दंडाची तरतूद आहे. पॅनच नसेल आणि आधारला मोबाइल जोडलेला असेल, तर प्राप्तिकर खात्याच्या पोर्टलवर ई-पॅन फुकट मिळतं.

आता नावाचा घोळ. माझ्याकडे तासगाव तालुक्यातल्या एक वहिनी आल्या होत्या. घरची हळद दळून पाकिटं करतात, शेजारणीच्या शेडवरचा बेदाणा घेऊन तोही विकतात. पॅन लग्नाआधीचं, माहेरच्या नावानं. आधार सासरच्या नावानं. बँकेच्या पासबुकावर तिसरंच, नवऱ्याचं नाव गाळलेलं. आपल्याकडे लग्नानंतर मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदलायची रीत आहे, त्यामुळे हे घरोघरी असतं. जीएसटीचा अर्ज भरताना पॅनवरचं नाव, जन्मतारीख जशीच्या तशी जुळावी लागते, आणि पुढे बँक खातंही पॅनशी पडताळलं जातं. तिथे अर्ज अडकतो आणि 'सिस्टीम चालत नाही' असं वाटून माणूस नाद सोडतो.

उपाय अवघड नाही. पॅनवरच्या नावात दुरुस्ती करून घ्यायची. नंबर तोच राहतो. पाचवं अक्षर माहेरच्या आडनावाचंच राहिलं, तरी त्यानं काही बिघडत नाही. पॅन आधारला जोडलेलं आहे ना, तेही त्याच वेळी बघून घ्यायचं. जोडलेलं नसेल तर पॅन निष्क्रिय धरलं जातं, जास्त दरानं कर कापला जातो आणि परतावा अडकतो. हे आधी करा, बाकी सगळं नंतर. मी हे प्रत्येकाला पोटतिडकीनं सांगते, कारण पुढचा प्रत्येक क्रमांक या पॅनच्याच पायावर उभा राहतो.

जीएसटी क्रमांक कुणाला लागतो

जीएसटी १ जुलै २०१७ ला आला. त्याचा क्रमांक पंधरा अक्षर-अंकांचा असतो. पहिले दोन अंक राज्याचे. महाराष्ट्राचे २७, कर्नाटकाचे २९, गोव्याचे ३०. त्यापुढची दहा जागा तुमचं पॅन जसंच्या तसं. तेराव्या जागी, त्या राज्यात त्याच पॅनवरची ही कितवी नोंदणी आहे ते. पुढे 'झेड' आणि शेवटी पडताळणीचं एक चिन्ह. कुणी तुम्हाला बिल दिलं आणि त्यावरचा क्रमांक पंधराचा नसेल, किंवा सांगलीतल्या दुकानाच्या बिलावर सुरुवातीला २७ नसेल, तर जरा थांबून विचारा.

नुसता माल विकणाऱ्याला वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या वर जाईपर्यंत नोंदणी सक्तीची नाही. सेवा देणाऱ्याला ही मर्यादा २० लाख. दोन्ही करत असाल, म्हणजे तयार ड्रेस विकता आणि लोकांचे कपडे शिवूनही देता, तर ४० लाखांची सवलत मिळत नाही, २० लाखच धरायचे. उलाढाल पॅननुसार मोजली जाते. पेठेतलं दुकान आणि मोबाइलवरची विक्री एकाच पॅनवर असेल तर दोन्हींची बेरीज होते, आणि त्यात करमाफ मालाची विक्रीही धरली जाते. मर्यादा ओलांडली की तीस दिवसांत अर्ज करायचा.

हे झालं सरसकट सगळ्यांसाठी. ऑनलाइन विकणाऱ्यांची वाट इथेच वेगळी होते.

ठरावीक हस्तकलेच्या वस्तू सोडल्या, तर करपात्र माल दुसऱ्या राज्यात विकला की ४० लाखांची मर्यादा लागूच होत नाही. पहिल्या पाकिटापासून नोंदणी हवी. वहिनींना हे पटतच नव्हतं. "मुंबईला पाठवलं तर चालतंय, आणि ह्या शेजारच्या गावाला न्हाई?" होय, तसंच आहे. राज्यातल्या विक्रीवरचा कर केंद्र आणि आपलं राज्य वाटून घेतात. राज्याबाहेरच्या विक्रीवर वेगळा, एकात्मिक जीएसटी लागतो आणि त्यातला राज्याचा वाटा माल जिथे वापरला जातो तिथे पोहोचवावा लागतो. हिशेबाची ही साखळी नोंदणीशिवाय जुळत नाही. आपल्या जिल्ह्याला हे जास्त जाचतं. मिरज, जत, कवठेमहांकाळचे लोक रोज कर्नाटकात ये-जा करतात, सोयरिकी तिकडे आहेत. शिवाय सांगलीच्या हळदीला आणि बेदाण्याला भौगोलिक मानांकन असल्यामुळे बेंगळुरू-हैदराबादहून मागणी येते. व्हॉट्सॲपवर ऑर्डर घेतली आणि कुरिअरनं पाठवली, तरी नियम तोच. ॲप मध्ये नाही म्हणून सुटका होत नाही.

माल पूर्ण करमाफ असेल तर गोष्ट वेगळी. ओली हळद करमाफ आहे. वाळवलेली हळद आणि हळदपूड यांवर ५ टक्के कर आहे. ताजी द्राक्षं करमाफ, बेदाण्यावर ५ टक्के. गूळ आणि मध सुटे विकले तर कर नाही, पाकीटबंद करून लेबल लावलं की ५ टक्के. फक्त करमाफ माल विकणाऱ्याला आणि स्वतःच्या शेतात पिकलेला माल विकणाऱ्या शेतकऱ्याला नोंदणी लागत नाही. पण शेतकऱ्यानं हळद दळून, नाव छापलेल्या पाकिटात भरून विकली, की ती सवलत आपल्याला आहे असं गृहीत धरू नये. मी तरी कुणाला तसा भरवसा देत नाही.

ॲपवरून विकायचं, पण फक्त महाराष्ट्रात

पूर्वी मोठ्या विक्री-ॲपवर माल ठेवायचा म्हटलं की उलाढाल दहा हजार असो की दहा लाख, जीएसटी नोंदणी सक्तीची होती. कायद्याच्या कलम २४ मध्येच तसं होतं. दुकानदाराला ४० लाखांपर्यंत सूट, आणि तोच माल ॲपवरून विकणाऱ्या गृहिणीला पहिल्या रुपयापासून नोंदणी. हा अन्याय होता आणि तो बरीच वर्षं चालला. १ ऑक्टोबर २०२३ पासून त्यात बदल झाला. केंद्र सरकारच्या ३१ जुलै २०२३ च्या अधिसूचनेनं लहान विक्रेत्यांना सूट मिळाली. सुटीच्या अटी मात्र कडक आहेत.

उलाढाल नोंदणीच्या मर्यादेच्या आत हवी. राज्याबाहेर काहीही विकायचं नाही. ॲपवरची विक्री एकाच राज्यातून करायची. पॅन हवंच. आणि विक्री सुरू करण्याआधी जीएसटीच्या पोर्टलवर पॅन, धंद्याचा पत्ता आणि राज्य जाहीर करून एक एनरोलमेंट नंबर घ्यायचा. हा नंबर जीएसटी क्रमांक नव्हे. त्यावर तुम्ही कर आकारू शकत नाही, रिटर्न भरावं लागत नाही, आणि ॲपच्या कमिशनवर जो १८ टक्के जीएसटी लागतो त्याचं क्रेडिट, म्हणजे भरलेल्या कराची वजावटही मिळत नाही. एका राज्यात एका पॅनला असा एकच नंबर मिळतो. पुढे नियमित जीएसटी नोंदणी घेतली की हा नंबर आपोआप बाद होतो.

पोर्टलवर नोंदणीच्या भागात ई-कॉमर्सवर माल पुरवणाऱ्यांसाठी वेगळा पर्याय आहे, तो निवडायचा. पैसे लागत नाहीत. त्यानंतर ॲपच्या विक्रेता खात्यात हा नंबर द्यायचा. अशा विक्रेत्याला राज्याबाहेरची ऑर्डर घेऊ न देण्याची जबाबदारी ॲपवरही टाकलेली आहे. म्हणजे तुमचं पाकीट बेळगावच्या गिऱ्हाइकाला विकलं जाणार नाही. पुणे, मुंबई, नागपूर एवढ्यावर भागत असेल तर सुरुवातीला हा रस्ता उत्तम. नव्यानं धंदा सुरू करणाऱ्या बाईला मी बहुतेक वेळा हाच सुचवते. सहा महिने विकून बघावं, माल खपतोय का ते कळावं, मग पुढचं.

स्वतःची वेबसाइट असेल, किंवा इन्स्टाग्रामवर फोटो टाकून थेट गिऱ्हाइकाला विकत असाल, तर मध्ये दुसरा कुणी ऑपरेटर नाही. तिथे साधी मर्यादा लागू: राज्यात ४० लाखांपर्यंत नोंदणी नाही, राज्याबाहेर पहिल्या पाकिटापासून नोंदणी.

गोदामाचंही लक्षात ठेवा. ॲप कंपन्या माल आपल्या गोदामात ठेवायला सांगतात. गोदाम भिवंडीत असेल तर ते महाराष्ट्रातच. आपल्या जीएसटी नोंदणीत व्यवसायाची आणखी एक जागा म्हणून ते दाखवायचं. गोदाम बेंगळुरूला असेल तर २९ नं सुरू होणारा वेगळा क्रमांक काढावा लागतो. जास्त विक्रीच्या आमिषानं 'होय' म्हणण्याआधी गोदाम कुठल्या राज्यात आहे ते विचारा.

पैसे हातात येताना काय कापलं जातं

जीएसटी क्रमांक घेऊन ॲपवर विकलं की ॲप करपात्र विक्रीतून परत आलेला माल वजा करून उरलेल्या रकमेवर अर्धा टक्का टीसीएस, म्हणजे तुमच्या पैशांतून आधीच घेतलेला जीएसटी, कापतं. आधी तो एक टक्का होता, १० जुलै २०२४ पासून अर्धा झाला. दहा हजारांच्या विक्रीवर पन्नास रुपये. ते बुडत नाहीत. पोर्टलवर जाऊन ती रक्कम स्वीकारली की तुमच्या खात्यात रोख म्हणून जमा होते आणि कर भरायला वापरता येते. स्वीकारायचंच कुणी सांगत नाही, म्हणून कित्येकांचे पैसे तिथे पडून राहतात. एनरोलमेंट नंबरवाल्यांना हा टीसीएस लागत नाही.

दुसरी कपात प्राप्तिकराची. १ ऑक्टोबर २०२४ पासून तिचा दर ०.१ टक्का आहे. व्यक्ती किंवा हिंदू अविभक्त कुटुंब असेल, त्या ॲपवरची वर्षाची विक्री ५ लाखांच्या आत असेल आणि पॅन किंवा आधार दिलेलं असेल, तर ती होतच नाही. पॅन दिलं नाही तर दर ५ टक्के. सहा लाखांच्या विक्रीवर हिशेब मांडून बघा: पॅन असेल तर ६०० रुपये, नसेल तर ३०,०००. पहिल्या भेटीतच मी पॅन का विचारते, ते इथे कळतं. कापलेली रक्कम प्राप्तिकर विवरणपत्रातून परत मिळते, पण विवरणपत्र भरलं तरच. नव्या करपद्धतीत उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर सवलतीमुळे कर शून्य होतो; पण उत्पन्न ४ लाखांच्या वर गेलं की विवरणपत्र भरावंच लागतं. कर नाही म्हणजे विवरणपत्र नाही, ही समजूत चुकीची आहे. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ चा कायदा जाऊन २०२५ चा प्राप्तिकर कायदा लागू झाला आणि कलमांचे आकडे बदलले, म्हणून ते इथे देत नाही.

बचत गटांना यात एक वेगळी अडचण येते. गट म्हणून माल करायचा आणि ॲपवरचं खातं अध्यक्षांच्या स्वतःच्या पॅनवर उघडायचं, असं सर्रास होतं. मग दहा बायकांची विक्री कर खात्याला एकट्या अध्यक्षांची दिसते. उद्या नोटीस आली तर त्यांच्या नावानं. घरात वाद होतात, गट मोडतात. गटाचं स्वतःचं पॅन काढा. त्याचं चौथं अक्षर 'ए' येईल. ५ लाखांपर्यंत कपात नाही ही सवलत मग गटाला मिळणार नाही, कारण ती फक्त व्यक्ती आणि अविभक्त कुटुंबाला आहे. पण हजाराला एक रुपया कापला जाणं हे एका बाईच्या डोक्यावर सगळा बोजा टाकण्यापेक्षा फार बरं.

अर्जाला काय लागतं

वहिनींनी शेवटी जीएसटी नोंदणी घ्यायचं ठरवलं, कारण त्यांची निम्मी गिऱ्हाइकं अथणी-विजापूरची. त्याआधी एका एजंटाला त्या पैसे देऊन बसल्या होत्या. त्यानं एक रंगीत प्रमाणपत्र काढून दिलं आणि 'हाच तुमचा जीएसटी' म्हणून सांगितलं. ते उद्यम नोंदणीचं, म्हणजे लहान उद्योगांच्या सरकारी नोंदणीचं होतं. उद्यम चांगलं आहे, कर्जाला आणि योजनांना उपयोगी पडतं, पण ते कर-क्रमांक नाही आणि सरकारी पोर्टलवर ते फुकट निघतं. जीएसटी नोंदणीलाही सरकारी शुल्क नाही. भरून देणाऱ्याला त्याच्या कामाचे पैसे जरूर द्या, पण कशाचे देतोय ते माहीत असू द्या.

कागद थोडे लागतात. पॅन, आधार, फोटो, बँकेचा तपशील आणि जागेचा पुरावा. खरी अडचण जागेच्या पुराव्याची. वहिनींच्या घराचं वीजबिल सासऱ्यांच्या नावावर, आणि सासरे जाऊन सहा वर्षं झालेली. बिल जुन्याच नावानं येत राहतं, कुणी बदलायला जात नाही. त्यांच्या नशिबानं ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा आणि घरपट्टीची पावती नवऱ्याच्या नावावर झालेली होती. घरपट्टीची पावती आणि नवऱ्याचं संमतीपत्र एवढ्यावर जागेचा पुरावा पुरा झाला. घर भाड्याचं असेल तर भाडेकरार आणि मालकाच्या नावाचा एखादा कागद. एप्रिल २०२५ मध्ये केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळानं अधिकाऱ्यांना सूचना काढली आहे की यादीत नसलेले कागद उगाच मागू नयेत. त्यामुळे भलताच कागद मागितला तर नम्रपणे विचारायला हरकत नाही.

अर्जाचा पहिला भाग भरला की एक तात्पुरता क्रमांक मिळतो. तो पंधरा दिवस चालतो, तेवढ्यात दुसरा भाग पुरा करायचा. मग आधारची पडताळणी. खात्याला काही विचारायचं असेल तर पोर्टलवर प्रश्न येतो आणि उत्तराला कामकाजाचे सात दिवस मिळतात. ईमेल आणि मोबाइल अर्जदाराचाच द्या. एजंटाचा नंबर दिला तर प्रश्न त्याला जातो, अर्ज फेटाळला जातो आणि तुम्ही वाट बघत बसता. १ नोव्हेंबर २०२५ पासून लहान व्यावसायिकांसाठी आणखी एक पर्याय आहे. नोंदणीकृत गिऱ्हाइकांना विकलेल्या मालावरचा कर महिन्याला अडीच लाखांच्या आत राहणार असेल, तर आधार पडताळणीनंतर कामकाजाच्या तीन दिवसांत नोंदणी मिळू शकते. घरगुती विक्रेता त्यात सहज बसतो.

नोंदणी झाल्यावर तीस दिवसांत बँक खातं जोडायचं. महाराष्ट्रात व्यवसाय कराची नोंदणीही घ्यावी लागते, वर्षाला २,५०० रुपये. ही हमखास विसरली जाते. खाण्याचा माल असेल तर अन्न सुरक्षेचा चौदा अंकी क्रमांक पाकिटावर हवा.

आणि रिटर्न. उलाढाल ५ कोटींपर्यंत असेल तर तिमाही रिटर्नचा पर्याय घेता येतो, पहिल्या दोन महिन्यांचा कर मात्र दरमहा भरायचा. तिमाहीत एकही पाकीट विकलं गेलं नाही तरी 'निरंक' रिटर्न द्यावं लागतं, नाहीतर दिवसाला वीस रुपये विलंब शुल्क चढत जातं. निरंक रिटर्न साध्या एसएमएसनं भरता येतं. धंदा बंद केला तर नोंदणी रद्द करण्याचा अर्जही आपणच करायचा. ती आपोआप बंद होईल म्हणून सोडून दिलेल्या मुली दोन वर्षांनी नोटीस घेऊन माझ्याकडे आल्या आहेत, आणि त्या वेळचे त्यांचे चेहरे मला बघवत नाहीत.

आपल्या पॅनवर दुसऱ्याच कुणी नोंदणी घेतलेली नाही ना, हेही अधूनमधून बघा. जीएसटी पोर्टलवर पॅन टाकून शोधलं की त्यावरचे सगळे क्रमांक दिसतात, त्याला लॉगिन लागत नाही.

वहिनींचा क्रमांक आठवड्यात आला. प्रमाणपत्र धंद्याच्या जागी लावायचं आणि दाराबाहेरच्या पाटीवर जीएसटी क्रमांक लिहायचा, हा नियमांतला १८ वा नियम. घरच धंद्याची जागा असेल तर घरालाच पाटी. त्यांनी नवऱ्याकडून पाटी रंगवून घेतली आणि फोटो मला पाठवला. पंधरापैकी चौदाच अक्षरं होती, शेवटचं पडताळणीचं अक्षर राहून गेलं होतं. ते त्याच संध्याकाळी घालून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी अथणीला पहिलं बिल फाडलं.